तोच कप, नऊ रंग: छोट्या व्यवसायासाठी परवडणारा कॅमेरा निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दोन बहिणींचा मातीकामाचा स्टुडिओ. ओळख पटू नये म्हणून त्यांना इथे थोरली आणि धाकटी एवढंच म्हणते. थोरली चाकावर बसते, ग्लेझ (मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा थर) बनवते, भट्टी सांभाळते. धाकटीकडे फोटो, ऑर्डरी, पार्सलं आणि ग्राहकांशी बोलणं. माल म्हणजे कप, वाडगे, फुलदाण्या आणि थोड्या ताटल्या. दर दोन आठवड्यांनी एक भट्टी निघते आणि त्यातला प्रत्येक नग थोडाफार वेगळा असतो. म्हणजे एकदा फोटो काढले आणि वर्षभर तेच वापरले, असं त्यांच्या धंद्यात चालत नाही. दर भट्टीला पुन्हा सगळे फोटो काढावे लागतात. पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

विक्री स्वतःच्या संकेतस्थळावरून आणि समाजमाध्यमांवरून चालायची. फोटो फोनवर काढायचे. खिडकीजवळ स्टूल, त्यावर कागद, त्यावर कप. तीन वर्षं यावरच भागलं होतं.

मी छोट्या उत्पादकांना मालाचे फोटो काढायला शिकवते. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा प्रश्न एका ओळीचा होता: “आम्हाला कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?” एक फुल फ्रेम, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप (सेन्सर) मोठी असलेलं, मॉडेल त्यांनी मनात जवळजवळ नक्की केलं होतं. त्यासाठी पुढच्या तिमाहीचे पैसेही आत्ताच बाजूला काढायची तयारी होती.

अडचण काय होती

अडचणी दोन होत्या आणि त्या एकात एक मिसळल्या होत्या.

पहिली रंगाची. थोरलीचं सगळ्यात खपणारं ग्लेझ म्हणजे राखाडी छटेचं हिरवं सेलाडॉन. त्यात लोहाचं प्रमाण अगदी थोडं असतं आणि भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवला की तो हिरवा उमटतो. रंग इतका हळुवार की जरा ढळला तरी निळा किंवा पिवळट वाटतो. ग्राहक फोटो बघून मागवत, कप हातात आला की “हा तो नाही” म्हणून कळवत. काही जण परत पाठवत. फुटणाऱ्या मालाचा परतीचा प्रवास म्हणजे दुहेरी जोखीम.

दुसरी अडचण मुदतीची. भेटवस्तू विकणाऱ्या एका घाऊक खरेदीदाराने छापील कॅटलॉगसाठी तीस नगांचे फोटो मागितले होते. पार्श्वभूमी सगळीकडे एकच, मोठ्यात मोठा फोटो ए-४ पानभर, हातात पाच आठवडे.

मॉडेलचं नाव सांगण्याआधी मी धाकटीला एकच काम दिलं. गेल्या तीन महिन्यांत त्या सेलाडॉन कपाचे जेवढे फोटो संकेतस्थळावर टाकले, तेवढे सगळे एका पानावर शेजारी शेजारी लाव. नऊ निघाले, आणि नऊंचे नऊ रंग वेगळे. थोरली बराच वेळ ते पान बघत राहिली. मग म्हणाली, “यातला एकही माझा रंग नाही.”

त्या पानावरून कारणं शोधणं सोपं गेलं. काही फोटोंत खिडकीचा उजेड आणि छतावरचा दिवा एकत्र पडले होते. दुपारच्या उजेडाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन, पिवळ्या दिव्याचं ३००० च्या आसपास. दोन्ही एकाच कपावर पडले की एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर दिसते, आणि कुठलाही कॅमेरा दोन्ही बाजू एकाच वेळी सावरू शकत नाही. शेजारची भिंत फिकट पिवळी होती, तिचा रंगही कपावर उतरत होता. त्यातच फोन प्रत्येक फोटोला व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला मानायचं ते, नव्याने ठरवत होता. मागे निळा कागद ठेवला की कप पिवळा झुकायचा, तपकिरी ठेवला की निळा. शिवाय फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची, फुल फ्रेमच्या हिशेबात २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास. कप चौकटभर दिसावा म्हणून धाकटी फोन अगदी जवळ न्यायची. मग पुढची कड फुगायची, तळ निमुळता व्हायचा आणि थोरलीने सरळ ओढलेला कप फोटोत फनेलसारखा दिसायचा.

यातली दोन कारणं कॅमेऱ्याची, बाकीची खोलीची. नवीन कॅमेरा त्याच खोलीत नेला असता तर दहावा रंग मिळाला असता.

आधी फोनचीच परीक्षा

मी सांगितलं, आठवडाभर काहीही घेऊ नका. एक रविवार आपण फोनलाच पूर्ण संधी देऊ. त्याचं कुठे अडतं ते लिहून काढू आणि तेवढ्याचसाठी खर्च करू.

छतावरचे दिवे बंद केले. पिवळी भिंत पांढऱ्या चादरीने झाकली. खिडकीला पातळ पांढरा पडदा, कपाच्या दुसऱ्या बाजूला पांढरा फोम बोर्ड. फोन ट्रायपॉडवर, कपापासून हातभर लांब, दुप्पट झूमवर. हाताने सेटिंग बदलू देणाऱ्या ॲपमध्ये आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) आणि व्हाइट बॅलन्स पक्के केले. पहिला फोटो कपाशेजारी करडं कार्ड ठेवून काढला, म्हणजे त्यावरून रंग जुळवता येतो.

फरक लख्ख दिसला. समाजमाध्यमावरचा उभा फोटो १०८० × १३५० पिक्सेलचा, म्हणजे दीड मेगापिक्सेलही नाही. तेवढ्यासाठी फोन पुरून उरत होता. हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं, कारण फक्त समाजमाध्यमावर विकणारं कोणी मला हा प्रश्न विचारतं तेव्हा मी बहुतेक वेळा इथेच थांबायला सांगते.

पण या दोघींच्या बाबतीत चार गोष्टी अडल्या. त्या आम्ही वहीत लिहिल्या.

फोन जवळ नेला की तो आपण होऊन दुसऱ्या लेन्सवर उडी मारत होता आणि पक्कं केलेलं सगळं मोडत होतं. त्यांच्या सेलाडॉनच्या आत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं असतं, गिऱ्हाईक त्याच्यासाठीच पैसे मोजतं. फोनच्या धार चढवणाऱ्या प्रक्रियेत ते जाळं पेनाने काढल्यासारखं दिसत होतं. खिडकीचा उजेड साडेचारनंतर संपत होता आणि भट्टी कधी उघडेल ते उजेडाच्या सोयीने ठरत नव्हतं. चौथी गोष्ट साधी वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात वजनदार तीच होती. फोन धाकटीचा होता. ऑर्डरी त्यावर, बँक त्यावर, कुरिअरवाल्याचे फोन त्यावर. दर दहा मिनिटांनी तो ट्रायपॉडवरून निघायचा, आणि परत बसवला की चौकट बदललेली असायची.

या यादीने कॅमेरा निवडायची कसोटी बदलली. सुरुवातीला प्रश्न होता, चांगला फोटो कशातून येतो? आता तो असा झाला: जागा, उजेड, रंग, अंतर यांतलं काय काय एकदा ठरवून तसंच ठेवता येतं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच मिळतं का? दर दोन आठवड्यांनी फोटो काढणाऱ्या माणसाला सर्वोत्तम फोटोपेक्षा न बदलणारा फोटो लागतो.

समोर आलेले पर्याय

फुल फ्रेम. मोह इथेच होता, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर, तर कॅननच्या एपीएस-सी या लहान सेन्सरच्या वर्गातला २२.३ × १४.९. क्षेत्रफळ अडीचपटीहून जास्त. कमी उजेडात, हातात धरून, हलत्या माणसांचे फोटो काढायचे तर हा फरक फार मोठा आहे. पण कप हलत नाही. शिवाय कप पुढच्या कडेपासून कानापर्यंत स्पष्ट हवा, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवावं लागतं (एफ/ पुढचा आकडा जितका मोठा, तितकं ते बारीक). एपीएस-सीवर एफ/११ ला जेवढी खोली स्पष्ट मिळते, तेवढीच त्याच चौकटीत फुल फ्रेमवर मिळवायला एफ/१८ च्या आसपास जावं लागतं. ट्रायपॉडवर आयएसओ १०० ला नॉइज (फोटोतले दाणे) दोन्हींत डोळ्याला जाणवण्याइतका नसतोच. म्हणजे जादा पैसे ज्या गुणासाठी जाणार, तो गुण बंद करूनच त्या रोज काम करणार होत्या. आणि त्याच्या लेन्साही मोठ्या, महाग.

मेगापिक्सेलचं भयही कागदावर मांडून घालवलं. ए-४ पान इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचं तर ३५०८ × २४८० पिक्सेल पुरतात, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलपेक्षा किंचित कमी. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० असतो. त्यातून चौकोन कापला तरी ४००० × ४००० उरतात, छपाईत ३३ सेंटिमीटरपेक्षा जास्त. घाऊक खरेदीदाराची मागणी यात सहज बसत होती.

एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा. खिशात मावतो. पण लेन्स बदलता येत नाही, आणि लेन्सच्या यंत्रणेत बिघाड झाला की सगळाच कॅमेरा दुरुस्तीला जातो. सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा. वाईट पर्याय नव्हता, पण खास त्यांच्या यादीतली एकही ओळ तो जास्त चांगली सोडवत नव्हता.

नवा एपीएस-सी मिररलेस (आत आरसा नसलेला). २०२१ चा सोनी झेडव्ही-ई१०, २०२२ चा निकॉन झेड३० किंवा २०२३ चा कॅनन आर५०, हे सगळे या कामाला उत्तम. धाकटीचा जीव यात अडकला होता आणि तिचं म्हणणं खरं होतं: चाकावरचे व्हिडिओ लोक आवडीने बघतात, आणि हे कॅमेरे व्हिडिओत फार पुढे आहेत. अडचण एवढीच की नवा कॅमेरा घेतला तर ठरलेल्या रकमेत दिव्यांना काही उरत नव्हतं. साडेचारनंतरच्या अंधाराचं काय, हा प्रश्न तसाच राहत होता.

वापरलेला एपीएस-सी डीएसएलआर (आत आरसा असलेला). वजनाने जड, जुन्या पिढीचा, आणि या वर्गात नवीन मॉडेलं येणं जवळजवळ थांबलेलं. पण न हलणाऱ्या वस्तूसाठी २०१७ चा सेन्सर आजही तितकाच चांगला आहे. लोक डीएसएलआर सोडून मिररलेसकडे जात असल्यामुळे व्यवस्थित वापरलेले कॅमेरे मिळतात.

व्यावसायिक छायाचित्रकार. दर भट्टीला बोलावणं परवडणारं नव्हतं. फक्त कॅटलॉगपुरतं एक दिवस बोलवावं, असा विचार मी मांडला आणि मग आम्ही तो सोडून दिला. तो सोडायला नको होता. त्याबद्दल पुढे लिहिते.

निर्णय

ठरलेल्या रकमेचे दहा भाग मानले. पाच भाग कॅमेरा आणि लेन्सांना, तीन दिव्यांना, एक दणकट ट्रायपॉडला आणि एक उरलेल्या बारीकसारीक गोष्टींना: जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डं, करडं कार्ड, पांढरे आणि काळे बोर्ड.

कॅमेऱ्यात कॅनन २००डी वर बोट ठेवलं. २०१७ चं मॉडेल, २४.२ मेगापिक्सेल, पडदा बाहेर वळतो, आणि मागच्या पडद्यावर बघत फोकस करताना तो झटपट आणि नेमका लागतो. कंपनीच्या मोफत सॉफ्टवेअरने तो लॅपटॉपला जोडून चालवता येतो. म्हणजे कप मांडणारी एक आणि मोठ्या पडद्यावर बघणारी दुसरी, असं काम होऊ शकतं. दोन माणसांच्या व्यवसायात ही सोय मोलाची. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीचाही विचार झाला. पण तिच्या हॉट शूमध्ये, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे साधे फ्लॅश ट्रिगर तिच्यावर चालत नाहीत. पुढे फ्लॅश घ्यायची वेळ आली तर दार बंद नको, म्हणून जुनंच मॉडेल ठरवलं.

व्हिडिओचं काय? २००डी फुल एचडीपर्यंतच जातो. धाकटी नाराज झाली, आणि तिची नाराजी रास्त होती. तोडगा असा निघाला की व्हिडिओ फोनवरच काढायचे. चाकावरच्या हलत्या कामात रंगाची तेवढी काटेकोर गरज नसते आणि उभा व्हिडिओ फोनला सहज जमतो.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सबरोबर ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्सही घ्यायचं ठरलं. ही शिफारस माझी होती.

खरेदी

पहिला कॅमेरा नाकारला. बाहेरून नव्यासारखा होता. पण लेन्स काढून मोबाइलच्या विजेरीचा उजेड तिच्यातून आरपार टाकला तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. ती साफ करायला लेन्स उघडावी लागते, आणि बुरशीने काचेवरचा थर खाल्ला असेल तर डाग जात नाहीत.

दुसऱ्याची तपासणी तासभर चालली. छिद्र एफ/१६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला आणि तो मोठा करून सेन्सरवरची धूळ पाहिली. दोनच ठिपके होते, फुग्याने उडाले. प्रत्येक बटण, प्रत्येक डायल, पडद्याची बिजागरी, कार्डाचा खण, बॅटरी फुगली आहे का, लेन्सचा माउंट डुगडुगतो का, सगळं बघितलं. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत शटर किती वेळा उघडलं हा आकडा फोटोच्या माहितीत सापडत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. म्हणून लॅपटॉप बरोबर नेला होता. मूळ बिलही मागितलं. विकणाऱ्याला यातल्या कशाचाच राग आला नाही, हीसुद्धा चांगली खूण.

मांडणी

स्टुडिओचा एक कोपरा कायमचा फोटोंना दिला. टेबलाचे पाय, ट्रायपॉडचे पाय आणि दिव्यांचे स्टँड कुठे येतात तिथे जमिनीवर रंगीत टेप चिकटवली. कॅमेरा एम मोडवर (सगळं हाताने ठरवायचं), आयएसओ १००, एफ/११, शटर साधारण अर्धा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. व्हाइट बॅलन्स करड्या कार्डावरून एकदाच पक्का केलेला. रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग (तयार फोटो) दोन्ही. हे सगळं कोपऱ्यातल्या भिंतीवर हाताने लिहून लावलं.

दिवे ९५ पेक्षा जास्त सीआरआयचे घेतले, म्हणजे वस्तूंचे रंग बऱ्यापैकी जसेच्या तसे दिसतात. दिव्याच्या प्रकाशातच एखाद्या रंगाचा तुटवडा असेल तर तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. म्हणून या तीन भागांत काटकसर करू दिली नाही.

चकचकीत ग्लेझचा फोटो म्हणजे खरं तर त्यात पडलेल्या प्रतिबिंबाचा फोटो. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, त्यामुळे गोल कपावर कुठेतरी दिवा दिसणारच. दिवा घालवता येत नसेल तर तो देखणा करायचा. कप आणि दिव्याच्या मध्ये मोठं पांढरं डिफ्यूजन कापड ताणलं. ते कपाच्या जितकं जवळ आणि जितकं मोठं, तितका चकाकीचा ठिपका पसरून हळूहळू विरणारा पट्टा होतो. पांढऱ्या कपांची कड पांढऱ्या पार्श्वभूमीत हरवत होती. तिथे चौकटीच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळे बोर्ड उभे केले. त्यांची बारीक काळी रेघ कडेवर पडली आणि आकार उठून आला.

पोलरायझिंग फिल्टरही वापरून पाहिला. चकाकी बरीच गेली, आणि कप मेला. थोरली म्हणाली, “हा भाजलेला वाटत नाही, कच्चा वाटतो.” तिचं बरोबर होतं, त्या चकाकीनेच डोळ्याला ग्लेझ कळतं. फिल्टर परत डबीत गेला.

काय काय चुकलं

पहिल्या भट्टीचे फोटो धाकटीने ५० मिलिमीटर लेन्सने एफ/१.८ वर काढले, कारण मागचं सगळं धूसर झालेलं सुंदर दिसतं. पण साठ सेंटिमीटर अंतरावरून त्या छिद्राला स्पष्ट खोली मिळते जेमतेम एक सेंटिमीटर. ओठ स्पष्ट, कान धूसर. कान कसा जोडलाय हेच गिऱ्हाईकाला बघायचं असतं. एफ/११ ला तीच खोली साडेपाच सेंटिमीटरच्या घरात जाते. सगळे फोटो पुन्हा काढावे लागले.

आणि एकदा एफ/११ च वापरायचं ठरलं की एफ/१.८ च्या लेन्सची गरजच उरली नाही. भेगांचे जवळचे फोटो घ्यायचे तर ती ३५ सेंटिमीटरपेक्षा जवळून फोकसच करत नाही, उलट किट लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जाते. सोबत मिळालेली लेन्स कामाची ठरली आणि मी वेगळी घ्यायला लावलेली पिशवीत राहिली. ही शिफारस मी सवयीने केली होती. त्यांची यादी समोर उघडी असूनही.

दुसरी गडबड रंगाचीच. कॅमेऱ्यावर सगळं पक्कं असूनही संकेतस्थळावरचे फोटो फिके येत होते. दोन दिवस कारण कळेना. शेवटी फाइलींच्या नावांकडे लक्ष गेलं: प्रत्येक नावाची सुरुवात अंडरस्कोअरने (_) होत होती. कॅननमध्ये ती ॲडोबी आरजीबी ही रंग नोंदवायची पद्धत चालू असल्याची खूण. आधीच्या मालकाने तसं ठेवलं होतं. वेबवरच्या चित्रांचं सर्वसाधारण मानक एसआरजीबी. रंगप्रोफाइल न वाचणाऱ्या ठिकाणी ॲडोबी आरजीबीतला फोटो मलूल दिसतो. ही सेटिंग जेपेगलाच लागू होते, रॉ फाइली हाताशी होत्या, म्हणून त्यांतून पुन्हा जेपेग बनवले. एकही कप परत मांडावा लागला नाही.

तिसरी चूक लॅपटॉपची. धाकटी फोटोंवर रात्री काम करायची आणि तेव्हा पडदा पिवळसर करणारी रात्रीची सेटिंग आपोआप चालू व्हायची. तिला फोटो पिवळे दिसायचे, ती ते निळे करायची. कॅमेरा, दिवे, खोली सगळं काबूत आणल्यावर रंग शेवटच्या पायरीवर निसटत होता. चाळीसेक फोटो पुन्हा करावे लागले. आता ती सेटिंग बंद आहे, पडद्याची चमक एका खुणेवर ठेवलेली आहे, आणि फोटो तपासताना थोरली तो कप घेऊन दिव्याखाली शेजारी बसते.

परिणाम

कॅटलॉगचे फोटो गेले, पण मुदतीनंतर चार दिवसांनी. खरेदीदाराने सांभाळून घेतलं. तीस फोटोंची पार्श्वभूमी एकसारखी होती आणि पानभर छापलेल्या सेलाडॉन वाडग्यात भेगांचं जाळं स्वच्छ उमटलं.

पुढच्या चार महिन्यांत रंगावरून दोनच तक्रारी आल्या, दोन्ही एकाच कोबाल्ट निळ्या ग्लेझबद्दल. काही रंगद्रव्यं सेन्सरला आपल्या डोळ्यापेक्षा वेगळी दिसतात, आणि तो निळा आम्हाला अजून पूर्ण सापडलेला नाही. त्यावर प्रामाणिक उपाय केला. वर्णनात स्पष्ट लिहिलं की प्रत्यक्षात हा रंग थोडा जांभळ्याकडे झुकतो, आणि एक फोटो साध्या पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून काढला. ग्राहकाचा पडदा कसा आहे हे तर आपल्या हातात नसतंच.

एका भट्टीचे फोटो काढायला आधी दोन दिवस जायचे, आता एक सकाळ पुरते. आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता असा एक फायदा झाला. थोरली आता प्रत्येक नव्या ग्लेझची चाचणी-टाइल त्याच कोपऱ्यात, त्याच सेटिंगवर टिपते. मिश्रणात लोह किंचित वाढवलं तर रंग किती सरकला हे तिला मागच्या फोटोशी ताडून बघता येतं. विक्रीसाठी उभा केलेला कोपरा तिच्या कामाची नोंदवही झाला.

वेगळं काय करता आलं असतं

कॅटलॉगसाठी छायाचित्रकार बोलवायला हवा होता. मुदत असलेलं काम आणि नवीन साधन शिकणं या दोन गोष्टी आम्ही एकाच पाच आठवड्यांत कोंबल्या. मुदतीचं काम बाहेर दिलं असतं तर तो छायाचित्रकार कसं मांडतो हे शेजारी उभं राहून बघता आलं असतं आणि शिकणंही निवांत झालं असतं. तेव्हा मला वाटलं की बाहेर पैसे जाण्यापेक्षा साधनात गेलेले बरे. तो हिशेब चुकला.

दुसरी लेन्स पहिल्या दिवशी घ्यायला नको होती. दोन भट्ट्या किट लेन्सवर काढून, काय अडतंय ते बघून मग ठरवायचं. ते पैसे तिसऱ्या दिव्याला किंवा बऱ्या मॉनिटरला गेले असते. रंगाची साखळी कपापासून ग्राहकाच्या पडद्यापर्यंत जाते. आम्ही तिच्या कॅमेऱ्याकडच्या टोकावर सगळं लक्ष दिलं आणि लॅपटॉपकडच्या टोकावर शून्य.

वापरलेला कॅमेरा घरी आला की पहिलं काम सगळ्या सेटिंग मूळ स्थितीत आणण्याचं. मी ते सांगायला विसरले, म्हणून अंडरस्कोअरची भानगड झाली.

व्हिडिओबाबत मात्र आम्ही बरोबर होतो की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. धाकटीचे चाकावरचे व्हिडिओ आता संकेतस्थळावर फोटोंपेक्षा जास्त लोक आणतात. सुरुवातीलाच मिररलेस घेऊन पहिले काही महिने खिडकीच्या उजेडावर भागवलं असतं तर? दिव्यांशिवाय रंगाचा प्रश्न तसाच राहिला असता हे खरं. पण त्या दोघींच्या जागी व्हिडिओवरच जास्त विकणारं कोणी असतं, तर मी आज उलटा सल्ला दिला असता.

धाकटीने मिररलेसचा विषय पुन्हा काढला आहे. आम्ही तीच जुनी वही उघडली आणि नव्या पानावर दोन रकाने केले: फोन कुठे अडला, २००डी कुठे अडला. अडचण आली की त्याच दिवशी लिहायची. दीड महिना झाला. २००डीच्या रकान्यात एक ओळ आहे, फोनच्या रकान्यात सहा, आणि त्यांतल्या चार व्हिडिओच्या.